बोट द्या, रसायनवाले

आयुष्यात मी पुष्कळांचा हेवा केला. ज्यांना माझ्याआधी बढती मिळाली त्यांचा केला, ज्यांची मुलं इंजिनियर झाली त्यांचा केला, आणि ज्यांचे केस साठीपर्यंत काळे राहिले त्यांचा तर अजून करतो. पण हे सगळे किरकोळ. पोटातून, जेवण गोड लागू नये इतका मी जळलो तो एकाच माणसावर, आणि त्याच्याजवळ जळण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं.

दोन पांढरे शर्ट, त्यातल्या एकाच्या खिशाला कायमचा निळा डाग. एक सायकल, तिला घंटी नव्हती आणि ब्रेकचं काम चप्पल करी. बोलणं अस्सल वऱ्हाडी, नेर गावाकडचं. एम.एस्सी. नागपूरला केलं तरी त्याचं 'मले' आणि 'तुले' सुटलं नव्हतं, आणि ते सोडायला हवं असं त्याला कधी वाटलंही नव्हतं. वर्गातसुद्धा तसंच बोले. आम्ही यवतमाळचे कचेरीतले लोक. घरात पिढ्यानपिढ्या कुणी ना कुणी सरकारी दौतीत टाक बुडवत आलेला, त्यामुळे आमचं बोलणं धुऊन इस्त्री केलेलं. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही दोघं एकाच महिन्यात इथल्या कॉलेजात लागलो. मी रसायनशास्त्राला, तो प्राणिशास्त्राला. दिवाळीपर्यंत अख्खं गाव त्याला ओळखू लागलं. मला लोक 'त्यांच्या शेजारच्या खोलीतले सर' म्हणत.

पोरं त्याला डास म्हणत. कॉलरच्या आतल्या बाजूला एक शिवणाची सुई टोचलेली असे आणि खिशात स्पिरिटच्या कापसाची डबी. कुणी भेटला की 'कसं काय' विचारायच्या जागी तो हात पुढे करी आणि म्हणे, "बोट द्या हो. एकच थेंब." आणि लोक देत! हेच मला कळत नसे. भाजीवाली तराजू खाली ठेवून बोट देई. तहसिलीतला कारकून, जो अर्जाचा कोरा कागदही कुणाला सुखासुखी देत नसे, तो खिडकीतून बोट बाहेर काढी. टोचल्याचं कळायच्या आत थेंब काचेवर आलेला असे. दुसऱ्या दिवशी निकाल, तोही भर रस्त्यात. "तुमच्या पेशी लय आळशी हायेत बाप्पा, झोपूनच राह्यल्या." आळशी म्हटल्यावर तो कारकून मनापासून हसला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मी तसं म्हटलं असतं तर माझ्या पुढच्या सगळ्या अर्जांची वाट लागली असती.

माझं बोट त्यानं पहिल्याच दिवशी मागितलं. मी म्हटलं, मला तास आहे. दुसऱ्या दिवशी मागितलं, तर म्हटलं, हाताला अ‍ॅसिड लागलंय. पुढे त्यानं मागायचं आणि मी काहीतरी सांगायचं, हा आमच्यातला नमस्कारच होऊन बसला. हाक तो सगळ्यांना विषयावरून मारी. 'ओ भूगोल', 'काहो इंग्रजी'. मी रसायनवाले.

"बोट द्या, रसायनवाले."

"आज नाही."

"बरं मंग, मीठ तरी मोजून द्या."

मीठ त्याला रोज लागे. पेशी शरीराबाहेर जगवायच्या तर पाणी रक्ताइतकंच खारट लागतं, आणि कॉलेजातला नीट मोजणारा तराजू माझ्या खोलीत होता. सारं गाव त्याला रक्त देई, मी मीठ देई.

तो करत काय होता, हे सांगायला हवं. आमच्या जिल्ह्यात तेव्हा दर दुसरा माणूस वैद्य होता. जंगल जवळ, त्यामुळे झाडपाल्याला तोटा नाही. कुणी गुळवेल सांगे, कुणी काडेचिराईत, कुणी कडुनिंबाची साल, आणि प्रत्येकजण छातीवर हात ठेवून सांगे की यानं गुण येतो. याला गुणाशी कर्तव्यच नव्हतं.

"गुन येते का थे पाह्यनारे लय हायेत," तो म्हणे. "रक्तात पांढऱ्या पेशी असतात. थे आपल्या घरचे राखनदार. जंतू आला का त्याले खाऊन टाकतात. आता तुमी तापासाठी काढा पेले. ताप गेला, लय छान झालं. पन त्या काढ्यानं राखनदारच मेले असन तं? थे कोनं पाह्यलं?"

ते तो पाही. काचेच्या पातळ तुकड्यावर थेंब घ्यायचा आणि ओलं फडकं घातलेल्या डबीत अंगाच्या उबेला ठेवायचा. पांढऱ्या पेशी काचेला चिकटून बसतात. बाकीचं रक्त गोठतं, ते खारट पाण्यानं अलगद धुऊन टाकायचं. मग वनस्पतीचा अर्क घालायचा, पुन्हा ऊब द्यायची, आणि शेवटी एक निळा रंग सोडायचा. जिवंत पेशी तो रंग आत घेत नाही. मेलेली निळी होते. "मेलं का कोन्ताही रंग चढते," तो वर्गात सांगे, "जितं हाय तवरीच नाही म्हनता येते." पोरांनी ते वाक्य उचललं. मेसमध्ये दोडक्याची भाजी नको असली तरी ती हेच म्हणत.

पेशी नुसत्या जगल्यानंही त्याचं समाधान होत नसे. राखणदार जागे आहेत की उगाच बसलेत, हे कळायला तो त्यांना जेवू घाली. राजूरच्या खाणीकडच्या एका विद्यार्थ्याकडून त्यानं कोळशाचा तुकडा मागवला आणि तो माझ्या खोलीत, माझ्या खलात, बोटाला कण लागू नये इतका बारीक घोटला. माझ्या भिंती काळ्या झाल्या. "जेवन बनवून राह्यलो," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. मग एकदा त्यानं मला बळंच सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काचेवर एक पेशी होती, तिला धड आकार नव्हता. ती एका बाजूनं हळूच पुढे सरकली, कोळशाच्या कणापाशी थांबली, त्याच्या दोन्ही अंगांनी पसरत गेली, आणि कण तिच्या पोटात गेला. मी डोळा काढला नाही. किती वेळ बसलो कोण जाणे. मग "ठीक आहे" म्हणून माझ्या खोलीत आलो. बाटल्या जागच्या जागी होत्या, लेबलं सरळ. माझं त्या बाटल्यांवरून मनच उडालं. इतकी सुंदर गोष्ट त्याला सापडावी आणि मला सापडू नये, हे मी त्याला आजतागायत माफ केलेलं नाही.

ऊब देणारं यंत्र आमच्या कॉलेजात नव्हतं. उन्हाळ्यात बाकीचे प्राध्यापक वाळ्याच्या ताट्या भिजवून त्यांच्या आड पडून राहत, हा दारंखिडक्या लावून घेई आणि घामानं निथळत खूश असे. "वैशाखात यवतमाळची हवा अन् मानसाचं रक्त सारखंच तापते. सरकारनं मशीन नाही देल्ली, देवानं देल्ली." हिवाळ्यात मात्र पंचाईत. तेव्हा तो काचांची चपटी डबी उजव्या काखेत धरी, आणि तशीच धरून तास घेई, जेवे, सायकल चालवी.

एका सव्वीस जानेवारीला कडाक्याची थंडी होती. झेंडा वर गेला, सगळ्यांनी सलामी दिली. यानं डाव्या हातानं दिली. प्राचार्य जुन्या शिस्तीचे. त्यांनी पोरं पांगायच्या आत याला बोलावलं. "झेंड्याला डावा हात? हा काय प्रकार आहे?" यानं कोटाच्या आतून डबी काढून दाखवली. "साहेब, अथी जिते जीव हायेत. हात वर केला असता तं गारठून मेले असते. उरला हात, त्यानंच केली सलामी." प्राचार्य डबीकडे पाहत राहिले. आता याची उचलबांगडी होणार म्हणून मी जरा जवळ सरकलो. आठवड्याच्या आत प्राचार्यांनी त्याला स्वतःचं बोट दिलं आणि वर खिडकीजवळचं मोठं टेबल दिलं, जे मी कधीचं मागत होतो. त्याच दिवशी, त्याच थंडीत, मी उजव्या हातानं, कोपर रेषेत ठेवून सलामी दिली होती. त्याबद्दल मला कुणी एक शब्द बोललं नाही.

इथवरही ठीक होतं. पोरं त्याची झाली, प्राचार्य त्याचे झाले, गाव त्याचं झालं. मी मनात म्हणे, घे बाबा. पण मग तो माझ्या घरात शिरला.

घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. आईला जाऊन फार दिवस झाले नव्हते. बाबा कचेरीतून नाझर म्हणून निवृत्त झालेले, माणूस मितभाषी. त्यांचा जीव एकाच गोष्टीत होता, काढ्यात. गुळवेल, आवळकाठी, काडेचिराईत आणि सुंठ. आजोबांपासून चालत आलेला. रोज सकाळी आईच्या मोठ्या पितळी गंजात, गंज म्हणजे आमच्याकडे उभं पातेलं, तो उकळायचा, आणि ओट्यावर बसून ताप असलेल्या नसलेल्या सगळ्यांना वाटायचा. शेजारच्या लोहारा गावाहूनसुद्धा माणसं लोटे घेऊन येत. आई होती तोवर ती उकळी आणि बाबा वाटत. ती गेल्यावर दोन्ही बाबाच करू लागले. त्या गंजाला ते मला हात लावू देत नसत. राखेनं घासतही स्वतःच, आतून बाहेरून, जीव खाऊन.

माझ्याशी ते काय बोलत? सकाळी 'दूध आलं का' आणि संध्याकाळी 'दार लावलं का'. मी प्राध्यापक झालो तेव्हा त्यांनी विचारलं, "पेन्शन आहे का?" माझ्या कॉलेजात ते कधी आले नाहीत. मुलगा काय करतो म्हणून माझ्यादेखत कुणी विचारलं, तर म्हणाले, "बाटल्या आहेत त्याच्याकडे."

एका सकाळी हा गृहस्थ माझा खल परत करायला आमच्या घरी आला. ओट्यावर बाबा वाटप करत होते. न विचारता रांगेत बसला, वाटीभर काढा प्यायला, तोंड वाकडं करून म्हणाला, "वा काकाजी! असा कडू तं म्या जल्मात नाई पेला." बाबा हसले. मग त्यानं हात पुढे केला, "आता तुमी बोट द्या," आणि बाबांनी दिलं.

दुसऱ्या दिवशी शिपाई सांगत आला, "सर, तुमचे वडील आलेत." मी लगबगीनं टेबल आवरलं, खुर्ची पुसली. वडील शेजारच्या खोलीत होते. कोट घातलेला, टोपी मांडीवर, एक डोळा मिटलेला, दुसरा सूक्ष्मदर्शकाला लावलेला. मी दारात उभा राहिलो तर मान वर न करता म्हणाले, "हे पाह्य, चालून राहिलं! माझं रक्त चालून राहिलं!" असा आवाज मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता. खरं सांगायचं तर आई होती तेव्हाही ऐकला नव्हता.

मग रोजचंच झालं. दुपारची झोप सोडून बाबा त्याच्याकडे जात. दोघं मिळून लोहाऱ्याच्या वाटेवर कडुनिंबांवर चढलेली गुळवेल तोडायला जात. तो सायकल हातात धरून, बाबा छत्री धरून. त्याच्याशी ते बोलत. काय बोलत ते मला त्याच्याकडून कळे. "काहो रसायनवाले, तुमी लहानपनी लपून माती खात होते म्हने?" माझा नुसता तिळपापड झाला. मी माती खात होतो हे बाबांच्या लक्षात आहे, ही बातमी मला नेरच्या माणसाकडून कळावी!

शेवटी बाबांनीच त्याला बाटली दिली. "माझाही काढा पाह्य एकदा." ही परीक्षा नव्हती, ऐट होती. शाळेतल्या हुशार मुलाला पाहुण्यांसमोर उभं करावं तशी. काढ्यातला आवळ्याचा आंबटपणा सोड्यानं मारून, मीठ बेतून, मी तो तयार करून दिला. त्यानं तो पेशींवर घातला.

सगळ्या निळ्या झाल्या. त्यानं स्वतःचं रक्त घेतलं, शिपायाचं घेतलं, प्राचार्यांचं घेतलं. काढा पातळ करून पाहिला. निळ्या. कोळशाला कुणी तोंड लावलेलं नाही.

तो माझ्या खोलीत आला आणि पहिल्यांदाच त्यानं बोट मागितलं नाही. "काकाजीचा काढा राखनदार मारून राह्यला. एकबी जिता नाई. आता त्यायले कोन सांगन?"

मी मनात म्हटलं, सापडला. आता बाबा याला ओट्यावरून उठवतात की नाही पाहा. काढ्याला पुरावा नाही असं मी पूर्वी एकदा नुसतं सुचवलं होतं, तर बाबा कितीतरी दिवस माझ्याशी दुधापुरतंही बोलले नव्हते. "तुमचा प्रयोग आहे, तुम्हीच सांगा," मी म्हटलं, आणि त्याच्याबरोबर घरी गेलो, कारण हे मला चुकवायचं नव्हतं.

तो ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. बाबा ऐकत राहिले.

"सगळ्या मेल्या?"

"सगळ्या, काकाजी."

"लहान पोरं पण पितात रे."

"काचेवर मेल्या, थे म्या पाह्यलं. पोटात गेल्यावर काय होते थे मले मालूम नाई. पन मालूम होईस्तोवर देत राहा, असं मी नाई म्हननार."

बाबा उठले, आत गेले, आणि गंजातला काढा त्यांनी मोरीत ओतला. बस्स. आजोबांच्या वेळेपासून चालत आलेली गोष्ट त्याच्या एका शब्दावर बंद झाली. मी तिथेच खांबाला टेकून उभा होतो. आयुष्यभर पाहिलेल्या बापाला मी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी लोक लोटे घेऊन आले. बाबा आतूनच म्हणाले, "बंद आहे." तिसऱ्या दिवशीही आले, मग येईनासे झाले. बाबा पहाटे उठत, आंघोळ करत, आणि नुसते पाटावर बसून राहत. मग आंघोळीला उशीर करू लागले. मग दाढी राहिली. कॉलेजात जाणं थांबलं. भिंतीकडे तोंड करून पडलेला तो माणूस पाहून मला भीती वाटू लागली. आई गेली तेव्हाही ते असे पडले नव्हते, कारण तेव्हा सकाळी काढा करायचा होता.

यानं मात्र सोडलं नाही. मला कामाला लावलं. चारही वस्तू मी माझ्या काचेच्या भांड्यात वेगवेगळ्या उकळल्या. पेशी जगल्या. चारही एकत्र उकळल्या. तरी जगल्या, आणि कोळसा खात बसल्या. तेव्हा त्यानं बाबांच्या मिनतवाऱ्या करून घरी पुन्हा एकदा काढा करवून घेतला. निळ्या!

"थोच पाला, थेच पानी," तो डोकं खाजवत म्हणाला, "तुमच्या अथी जितं अन् काकाजीच्या घरी मेलं. काहून?"

तो आळीत घरोघर विचारत फिरला. लोक म्हणाले, हो, अलीकडे काढा प्यायला की मळमळतं. पूर्वी मळमळत नसे. "पह्यले म्हन्जे कवा?" त्यानं शेजारच्या काकूंना विचारलं. "बाई होत्या तवा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी तो आमच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ पाट घेऊन बसला. "काकाजी, माह्यासमोर करा." बाबा नाखुशीनंच उठले. पाणी घेतलं, गंज उचलला. यानं तो मध्येच हातात घेतला, उजेडाकडे वळवला, आत डोकं घातलं. मग कॉलरमधली सुई काढून आतल्या बाजूला ओरखडा काढला.

"काकाजी, याले कल्हई कवा केलती?"

बाबा पळी धरून उभेच राहिले. "कल्हई... ती करवून घ्यायची."

आई गेल्यापासून आमच्या घरात कुणी 'ती' म्हणालं नव्हतं. कल्हईवाला दारावरून ओरडत जाई, आई त्याला थांबवी, आणि आम्हा दोघा पुरुषांना तो आवाज भाजीवाल्याच्या आवाजात मिसळून गेलेला. बाबांनी रोज प्रेमानं घासून घासून गंजाची कल्हई पार काढून टाकली होती. उघड्या पितळेत आवळा उकळत होता. पितळेत ताक ठेवलं तर कळकतं हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक, पण काढा कडूच असतो, त्यात कळकलेलं कुणाला कळणार? आणि मी? मी दुसऱ्या वर्षाला तांब्याचे क्षार शिकवत होतो. आंबट पदार्थात पितळेतलं तांबं उतरतं हे फळ्यावर लिहून देत होतो आणि रोज सकाळी त्याच गंजाशेजारी उभा राहून चहा पीत होतो. माझ्या घरात, माझ्या चुलीवर माझा विषय उकळत होता, आणि तो दिसला प्राणिशास्त्राच्या माणसाला. याहून जास्त जळायला माणसाला काय लागतं?

खात्री करणं तेवढं माझ्या वाट्याला आलं. गंजातला काढा आटवून, जाळून, राख अ‍ॅसिडात विरघळवली आणि अमोनिया घातला. नळीत गर्द निळा रंग उतरला. तांबं होतं. तो मागे उभा होता. "वा रसायनवाले! तुमचा निळा माह्या निळ्याहून साजरा हाय." मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा राग आला.

तो तसाच सायकल घेऊन गेला आणि कल्हईवाल्या चाचांना घेऊन आला. पुढे हा, सायकलला भाता बांधलेला, मागून चाचा. अंगणात खड्डा खणला, कोळसे पेटवले, आणि भात्यावर हाच बसला. "आहिस्ता, मास्टरसाब," चाचा ओरडले, "चूल्हा है, रेलगाडी नहीं." ज्या गंजाला बाबा मला शिवू देत नव्हते तो त्यांनी आपल्या हातांनी आणून त्याच्याजवळ दिला. नवसागराचा पांढरा धूर उठला, चाचांनी कापसाचा बोळा आतून फिरवला, आणि पिवळा गंज बघता बघता चांदीसारखा झाला. बाबांनी आत वाकून पाहिलं. "तिच्या वेळी असाच दिसायचा," ते त्याला म्हणाले. त्याला. मीही तिचाच मुलगा होतो आणि हातभर अंतरावर उभा होतो.

नव्या काढ्याच्या परीक्षेला रक्त बाबांनी दिलं. पेशी जगल्या, चालल्या, राजूरचा कोळसा पोटभर खाल्ला. बाबांनी त्या दिवशी दाढी केली. पुढच्या सकाळी ओटा पुन्हा भरला. लोहाऱ्याच्या एका म्हाताऱ्यानं याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा कोन व्हय, नाझरसाहेब?" बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हा आमचाच." सगळे हसले. मी वाट्यांचं ताट धरून मागे उभा होतो, आणि ते ताट खाली आपटावं असं मला फार वाटलं.

काही वर्षांनी त्याला मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत बोलावलं. मी मनात म्हटलं, जा एकदाचा. निघायच्या सकाळी तो सूक्ष्मदर्शकाची पेटी घेऊन आमच्या ओट्यावर आला. थंडीचे दिवस होते. मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीला अजून अवकाश होता. बाबा वाटप करत होते.

"आता तं बोट द्या, रसायनवाले. जाऊन राह्यलो."

मला सबब सुचली नाही. बोट पुढे केलं. टोचल्याचं खरोखरच कळलं नाही. थेंब काचेवर घेऊन त्यानं डबी मिटली आणि नेहमीसारखी आपल्या काखेत घालणार, तो थांबला. बाबांकडे वळला. "काकाजी, आज तुमी धरा."

बाबांनी पळी माझ्या हातात दिली. "तू वाट," म्हणाले. डबी काखेत घेतली, शाल गुंडाळली आणि हात छातीशी आवळून बसले. हलले नाहीत. कुणी नमस्कार केला तर मानेनंच घेतला. मी काढा वाटत होतो आणि मधूनमधून पाहत होतो. मला आठवतंय तेव्हापासून बाबांनी मला जवळ घेतलेलं नव्हतं.

त्यानं काच धुतली, कोळसा घातला, पुन्हा थोडा वेळ डबी बाबांकडे दिली. मग ओट्यावरच्या उन्हात सूक्ष्मदर्शक मांडून आधी स्वतः पाहिलं आणि मोठ्यानं हसला. "लय भुकेल्या हायेत हो तुमच्या! कोळसा दिसला का झडप घालून राह्यल्या. इतक्या वर्सात अशा भुकेल्या म्या नाई पाह्यल्या." मग तो बाजूला झाला आणि बाबा वाकले.

बाबांनी एक डोळा मिटला. त्यानं गाडीची आठवण केली, तरी त्यांनी डोळा काढला नाही. "थांब रे," म्हणाले, "ही एक आहे, ही थांबतच नाही. केवढी धावून राहिली. पाह्य, पाह्य, घेतलं तिनं!" त्यांच्या तोंडावर ऊन होतं आणि ते हसत होते.

मी पळी धरून त्यांच्या शेजारी उभा होतो. इतका वेळ, इतक्या मायेनं त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. समोर माणसं लोटे घेऊन खोळंबली होती. आणि त्याचा हेवा करता करता, त्या सकाळी मला काचेवरच्या माझ्याच रक्ताच्या थेंबाचा हेवा वाटला.